कमानीच्या पाट्यातला कण

तुटलेला पाटा आमच्या लॅबमध्ये आला तो गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून. ट्रेलरच्या पुढच्या डाव्या चाकावर जी कमान असते, तिच्यातला हा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात लांब पाटा. त्याचे दोन तुकडे झाले होते. घेऊन आलेला माणूस एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपचा मॅनेजर होता. त्याने ते ओझं माझ्या टेबलाखाली सरकवलं, रुमालाने मान पुसली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं की यात बघण्यासारखं फार काही नाही. ड्रायव्हरला झोप लागली, गाडी पळस्प्याला खांबावर गेली, त्या धक्क्याने पाटा तुटला. विम्यासाठी कागद लागतो म्हणून तपासणी करायची.

मी फॉर्म भरून घेतला. अपघातात कुणाला लागलं का, हा प्रश्न फॉर्मवर नसतो, पण मी विचारला. ड्रायव्हरच्या शेजारी त्याचा मेहुणा बसला होता, तो जागच्या जागी गेला, असं मॅनेजर म्हणाला आणि घड्याळ बघून उठला.

त्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं धातुतज्ज्ञ म्हणून काम करत होते. पनवेलपासून जवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडच्या वरच्या मजल्यावर ती लॅब होती. वस्तू का तुटली हे शोधायचं आणि लिहून द्यायचं, हे माझं काम. बोल्ट, गिअर, क्रेनचे हूक, बॉयलरच्या नळ्या, काय काय येत असे. संध्याकाळी मी खांदा कॉलनीतल्या घरी जायचे. आई होती तोवर दार उघडता उघडता तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "आज काय तुटलं गं?" ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, लोखंडातलं तिला काही कळत नव्हतं. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून ती मध्येच विचारायची की हे एकदम तुटलं की हळूहळू. भाजी निवडत ती ऐकायची आणि मी सांगायचे. पाटा आला त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. मग घरी सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं रोज असायचं, ऐकणारं नव्हतं. कधी कधी शनिवारी दुपारी लॅबमधून निघाल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत मी एकही वाक्य बोललेली नसे. सोमवारी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आवाज घशात अडकायचा.

पाट्याचं तोंड मी पहिल्यांदा उजेडाखाली धरलं तेव्हाच मला मॅनेजरचं म्हणणं पटेना. धक्क्याने एकदम तुटलेलं पोलाद सगळीकडे सारखं खरबरीत दिसतं. इथे निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाबाहेर एक रेषा होत्या. याचा अर्थ पाटा त्या दिवशी तुटला नव्हता. तो कित्येक आठवडे, कदाचित कित्येक महिने तुटत होता. गाडी चालताना कमान दबते, सुटते, पुन्हा दबते. दर वेळी भेग एवढीशी पुढे सरकते. शेवटी उरलेल्या पोलादाला भार पेलेना, तेव्हा ते तडकलं. खरबरीत होता तो फक्त हा शेवटचा भाग.

आता भेग सुरू कुठून झाली ते बघायचं होतं. शिंपल्यासारख्या त्या रेषा ज्या बिंदूकडे लहान लहान होत जातात, तिथे. मला वाटलं होतं की पृष्ठभागावर काही ओरखडा सापडेल, गंजाचा खड्डा सापडेल. तसं काही नव्हतं. रेषा पृष्ठभागाच्या किंचित खाली एका चकचकीत गोल ठिपक्यापाशी येऊन थांबत होत्या, आणि ठिपक्याच्या मधोमध एक काळसर कण होता. आमच्या धंद्यात याला माशाचा डोळा म्हणतात. दिसतोही तसाच.

लॅबमध्ये नमुने कापून घासून द्यायचं काम एक जवळच्याच गावातले काका करायचे. बावीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं आणि माझ्याइतकंच त्यांना दिसत असे. त्यांनी दुसऱ्या तुकड्यातून एक फोड कापली, बेकलाइटच्या, म्हणजे कडक काळ्या प्लास्टिकच्या, गोल वडीत बसवली, आरशासारखी घासली आणि माझ्याकडे दिली. म्हणाले, "मॅडम, हे पोलाद साफ नाय. आतमदी दाने हायेत."

होते. पोलाद वितळलेलं असताना त्यातला ऑक्सिजन काढायला अ‍ॅल्युमिनियम टाकतात. ते ऑक्सिजन धरतं, त्याची वाळूसारखी कडक पूड होते आणि वितळलेल्या पोलादावर जमणाऱ्या मळीबरोबर वर तरंगते. सगळी तरंगायला वेळ द्यावा लागतो. घाई झाली, किंवा भट्टीच्या विटेचा कपचा निघून आत पडला, तर काही कण पोलादातच अडकून राहतात. ते धातू नसतात, म्हणून पोलादाशी त्यांचं जुळत नाही. पोलाद वाकतं, ताणतं, पुन्हा जागेवर येतं. कण तसाच राहतो. त्यामुळे त्याच्या कडेला ताण गोळा होतो, आजूबाजूला असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट. मऊ पोलादात हे खपून जातं, ते थोडं दबून ताण पसरवून टाकतं. कमानीचं पोलाद मात्र मुद्दाम कडक केलेलं असतं, त्याला अशी सूट देता येत नाही. शिवाय कण कुठे आहे यावरही असतं. हाच कण पाट्याच्या जाडीच्या मध्यावर असता तर गाडी भंगारात जाईपर्यंत कुणाला कळलंही नसतं. तो ताणाच्या बाजूला, पृष्ठभागाच्या जवळ होता.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आमच्याकडे नव्हता. तुकडा बाहेर पाठवून मी कणाची तपासणी करून घेतली. अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, ऑक्सिजन. मला शंका होती तेच निघालं. कणाची रुंदी माणसाच्या केसाच्या जाडीहून थोडी जास्त भरली.

त्या संध्याकाळी घरी गेले आणि दार उघडून आत काही वेळ तशीच उभी राहिले. एकोणीस वर्षांत इतका स्वच्छ पुरावा मला क्वचितच मिळाला होता. कुणालातरी सांगावं असं फार वाटत होतं. शेजारच्या बाईंचा टीव्ही चालू होता. मी हात-पाय धुतले आणि भात लावला.

रिपोर्ट मी चार पानांचा लिहिला. त्यात शेवटी म्हटलं की पाट्यातल्या अधातू कणापासून भेग सुरू झाली, ती दीर्घकाळ वाढली, आणि पाटा तुटल्यामुळे अपघात झाला असण्याचीच शक्यता आहे, अपघातामुळे पाटा तुटलेला नाही. लॅबच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, तो वाचला, एक शब्द बदलला आणि सही केली.

दोनच दिवसांनी मॅनेजर परत आला. या खेपेला तो बसला. त्याचं म्हणणं असं की पोलादाचं रसायन बरोबर आहे, कडकपणा बरोबर आहे, तेवढंच लिहा. कणाचा फोटो कशाला हवा. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की हा पाटा गाडीबरोबर आलेला नव्हता, सहा-सात महिन्यांपूर्वी बाहेरून घेऊन बसवला होता. तेव्हा मला त्याची अडचण कळली. ड्रायव्हर झोपला होता असं राहिलं तर गोष्ट ड्रायव्हरपाशी संपत होती, कंपनीच्या वर्कशॉपपर्यंत येत नव्हती.

सरांनी त्याला सांगितलं की रिपोर्ट बदलणार नाही. मॅनेजरने पाट्याचे तुकडे परत मागितले, रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि निघून गेला. तो गेल्यावर मी सरांना विचारलं, आता पुढे काय. ते म्हणाले, "खोटं मी लिहिणार नाही. पण खरं कुणाला सांगायचं, हेही मी ठरवणार नाही. रिपोर्ट ज्याने मागितला त्याचा असतो." ते वाईट माणूस नव्हते. याच नियमावर त्यांनी लॅब तीस वर्षं चालवली होती, आणि मीही तो नियम एकोणीस वर्षं पाळला होता.

ड्रायव्हर आला तो महिनाभराने. दुपारी जेवायच्या सुट्टीत काका वर येऊन म्हणाले की खाली बाकावर एक माणूस सकाळपासून बसलाय, तुमालाच भेटायचंय म्हनतो, जात नाय. मी खाली गेले. साठीला टेकलेला माणूस, पांढरी दाढी नीट कापलेली, स्वच्छ सदरा, डावा हात गळ्यात अडकवलेला. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत नवीन व्रण होता. मला बघून तो उठला. त्याने सांगितलं की तो पनवेलचाच, पिढ्यान्‌पिढ्या कोकणातला, छत्तीस वर्षं गाडी चालवतोय. वर्कशॉपमधल्या एका फिटरने त्याला कानात सांगितलं होतं की पाटा इथे आला होता आणि एका मॅडमने बघितला.

मी त्याला सांगितलं की रिपोर्टबद्दल मला काही बोलता येत नाही. तो म्हणाला की रिपोर्ट नको, कागद नको. मग जे म्हणाला ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते.

"मॅडम, मला एकच सांगा. मला झोप लागली होती का?"

मला आधी वाटलं की तो मी काय म्हणते ते अजमावतो आहे. पण तसं नव्हतं, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने जे सांगितलं ते असं. त्या दिवशी तो पहाटे घरातून निघाला होता. द्रोणागिरीला गोदामाच्या दारात पाच तास गाडी रांगेत उभी होती. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ आखातातून सुट्टीवर आला होता, त्याला पुण्याला जायचं होतं, म्हणून तो उरणहून येऊन केबिनमध्ये बसला. कंटेनर भरला आणि ते निघाले. पळस्प्याच्या अलीकडे एका टपरीवर दोघांनी चहा घेतला. मेहुणा चहाला नावं ठेवत हसत होता. इथपर्यंत सगळं आठवत होतं. त्याच्यापुढे हॉस्पिटलचं छत. मधलं काहीच नाही. डोक्याला मार लागला होता, त्यामुळे आठवण पुसली गेली, ती परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं की झोप लागल्याने ताबा सुटला. कंपनीने तेच म्हटलं. घरी बायकोने विचारलं, तुम्ही झोपलात का, आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. तो म्हणाला, आठवत नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. जेवण वाढून आतल्या खोलीत जात होती.

"मी रोज नमाज झाल्यावर बसून आठवतो," तो म्हणाला. "आता तर मलाच यकीन व्हायला लागलंय की झोपलो असणार."

मी त्याला काही सांगितलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. मी म्हटलं, चाचा, मला माफ करा, कंपनीकडे मागा. तो मान हलवून उठला. उन्हातून चालत फाटकाबाहेर गेला. वर गेले तर जेवणाचा डबा तसाच होता. काका खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मशीन चालू केलं.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी नीट काम करू शकले नाही. सरांकडे दोनदा गेले. पहिल्यांदा ते शांतपणे म्हणाले की आज या माणसासाठी नियम मोडला तर उद्या कुणी आपल्याकडे तुकडा आणणार नाही. दुसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या कामाची फाइल माझ्यापुढे सरकवली. घरी मी जेवताना, कपडे वाळत घालताना, तो प्रश्न ऐकत राहायचे. ज्याचं निम्मं उत्तर मला माहीत होतं असा प्रश्न घेऊन एक माणूस या गावात फिरत होता, आणि मी रिक्षाने त्याच्या मोहल्ल्यावरून रोज जात-येत होते. आई असती तर मी तिला सांगितलं असतं. तिने काय म्हटलं असतं ते मला ठाऊक नाही. पण कुणाला तरी सांगून झालं असतं, आणि तेवढ्याने कदाचित मी गप्प बसूही शकले असते.

एका रविवारी सकाळी मी चाचांच्या घरी गेले. घर शोधायला वेळ लागला नाही, अपघात सगळ्यांना माहीत होता. जुन्या पनवेलमध्ये, मशिदीमागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. चाचा पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. मला बघून गडबडले, खुर्ची पुसून दिली. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागे भांड्यांचा आवाज येत होता. मी जरा मोठ्याने बोलले, मुद्दामच, आतपर्यंत जावं म्हणून. म्हटलं, मी तो पाटा तपासला आहे. भांड्यांचा आवाज थांबला.

मी कागद नेला नव्हता, फोटो नेला नव्हता. ते लॅबचं होतं. पलंगाशेजारी औषधाचं रिकामं खोकं होतं, ते उलगडून त्याच्या आतल्या बाजूवर मी पेन्सिलने पाटा काढला. भेग कुठून निघाली, कशी वाढली, ते दाखवलं. पोलाद तयार होताना आत काय राहून जातं ते जमेल तसं सांगितलं. चाचा खूप लक्ष देऊन ऐकत होते. छत्तीस वर्षं कमानीवर बसून काढलेला माणूस, त्यांना मला वाटलं त्यापेक्षा लवकर कळलं. डावीकडचा पाटा तुटला की पुढचा धुरा त्या बाजूला मागे सरकतो आणि गाडी डावीकडे खेचली जाते, हे त्यांनीच मला सांगितलं. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात.

इथे मला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरे होता. पण मी म्हटलं, "चाचा, तुम्ही जागे होता की नाही, हे पोलाद सांगत नाही. पाटा तुटला तो तुमच्यामुळे नाही, एवढंच ते सांगतं. तो त्या दिवशी तुटणारच होता, कुणीही चालवत असतं तरी."

त्यांचा चेहरा जरा पडला. त्यांना याहून जास्त हवं होतं.

पडदा बाजूला झाला. त्यांची बायको दारात उभी होती. पन्नाशीच्या बाई, डोक्यावरून ओढणी, हात ओले. त्यांना काय म्हणून हाक मारावी मला सुचेना, म्हणून मी नुसती उठून उभी राहिले. त्या माझ्याशीच बोलल्या, नवऱ्याकडे बघितलं नाही.

"हे टक्क जागे असते, तरी माझा भाऊ गेला असता?"

भरलेला कंटेनर मागे, समोर पळस्प्याचं वळण, डाव्या बाजूला खांब. मी मनात पुन्हा एकदा सगळं बघून घेतलं, कारण याचं उत्तर चुकायला नको होतं. "हो," मी म्हटलं. "पाटा तुटल्यावर एवढ्या वजनाची गाडी तिथे कुणाला सावरता आली नसती."

त्यांनी पलंगावरचं ते खोकं उचललं आणि माझं चित्र बघितलं. कण केवढा होता, असं विचारलं. पेन्सिलच्या टोकाने मी एक ठिपका काढला आणि म्हटलं की याच्यापेक्षाही लहान. त्यांनी ठिपक्यावरून ओलं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मग मी राग कुणावर धरायचा?"

कुठल्यातरी भट्टीवर, कुठल्यातरी पाळीत, कुणीतरी थोडी घाई केली असेल, किंवा कुणीही काही केलं नसेल. त्या भट्टीचं नावही मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी खोकं परत ठेवलं, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने तीन कप चहा घेऊन आल्या. एक माझ्यापुढे ठेवला, एक नवऱ्यापुढे. तिसरा घेऊन त्या दारातच बसल्या. मी चहा संपवला आणि निघाले.

सोमवारी मी स्वतःच सरांना सांगितलं की मी काय केलं. ते रागावले नाहीत. महिनाअखेरपर्यंत काम कर, असं म्हणाले, आणि शेवटच्या दिवशी मला फाटकापर्यंत सोडायला आले. काकांनी एका कागदी पुडीत काहीतरी दिलं. घरी येऊन उघडली तर माझं जुनं भिंग होतं, टेबलाच्या खणात मी विसरलेलं.

चाचांवर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला होता, तो पुढे दीड-दोन वर्षं चालला. चाचांच्या वकिलाने कोर्टाकडे मागणी केली की लॅबचा रिपोर्ट मागवावा. रिपोर्ट आहे हे आता त्यांना माहीत होतं. तो आला, सरांनी एक ओळही न वगळता पाठवला. मला साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलाने मला तेच विचारलं, आरोपी झोपलेला नव्हता असं तुम्ही सांगू शकता का. मी नाही म्हटलं. तो जिंकल्यासारखा न्यायाधीशांकडे वळला. न्यायाधीशांनी मात्र मला कणाबद्दल आणखी विचारलं आणि मी पुन्हा सगळं सांगितलं, वितळलेल्या पोलादापासून. चाचा सुटले. निकालाच्या दिवशी मी गेले नव्हते, वकिलाचा फोन आला.

चाचा आता गाडी चालवत नाहीत, द्रोणागिरीला एका गोदामाच्या फाटकावर नोंद ठेवायला बसतात, हेही वकिलानेच सांगितलं. त्यांच्या घरी मी पुन्हा गेले नाही. मी गेले की तो भाऊ पुन्हा खोलीत येणार, असं मला वाटायचं. त्यांनीही बोलावलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, म्हणजे फार वाटलं नाही.

मी आता घरूनच थोडंफार काम करते. लहान वर्कशॉपवाले तुकडे आणून देतात, मी बघून सल्ला देते. आईच्या खोलीत खिडकीपाशी एक मायक्रोस्कोप ठेवला आहे. पूर्वी निदान काकांच्या मशीनचा आवाज असायचा. आता दुपारी घरात इतकं शांत असतं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. मी केलं ते बरोबर होतं असं मला वाटतं, पण ते केल्यामुळे माझे दिवस भरले असं काही झालं नाही. तशी अपेक्षा मी केली होती का, हे मला सांगता येत नाही. थोडी केली असावी.

मागच्या हिवाळ्यात मी जुन्या पनवेलच्या मासळी बाजाराशेजारी मेथी घेत होते. रस्त्याच्या पलीकडून ते दोघं चालले होते. त्यांची बायको पुढे, चाचा दोन पावलं मागे, उजव्या हातात पिशवी. डावा हात अजून नीट सरळ होत नसावा. कोपऱ्यावर रिक्षांची गर्दी होती. त्या थांबल्या, मागे वळून काहीतरी म्हणाल्या, आणि चाचांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. चाचांनी काहीतरी उत्तर दिलं. काय ते इतक्या दुरून मला ऐकू आलं नाही. मग दोघं बरोबरीने रस्ता ओलांडून गेले.

हाक मारावी असं वाटलं. पण भाजीवालीने जुडी पुढे केली होती, ती मी घेतली, आणि घरी आले.